ऐनाच्या पानावरचा कोसा

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की वाटेत मोहाडी लागते. त्याच तालुक्यात आंधळगाव आहे. विदर्भात या गावाचं नाव निघालं की लगेच कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, विषय निघतो. कोशाचं कौतुक करताना आपण बहुधा हातमागापासून सुरुवात करतो. खरं तर ती जंगलातून, ऐनाच्या झाडापासून करायला हवी.

ऐन ओळखायला सोपा. त्याची काळपट साल उभ्या-आडव्या भेगांनी अशी चिरलेली असते, की खोडावर मगरीची पाठ चिकटवल्यासारखी वाटते. पान उलटं करून पाहिलं तर देठाजवळ दोन बारीक गाठी दिसतात, आणि फळाला पाच पंख असतात. सागाच्या सोबतीनं पानझडी जंगलात वाढणारं हे झाड उंच होतं. लाकूड टणक आणि जड, म्हणून घराचे खांब, बैलगाडी, शेतीची अवजारं यांसाठी ते वापरलं गेलं. साल कातडी कमावण्याच्या कामी आली. त्याचाच भाऊबंद अर्जुन नदी-नाल्याकाठी उभा असतो, गुळगुळीत, फिकट सालीचा.

टसरची अळी या दोन्ही झाडांचा पाला खाते. तुतीवरची अळी घरात, ताटात वाढते. ही मात्र उघड्यावर, ऊन-पाऊस सोसत. विदर्भात हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाजानं केलं. पावसाळ्यात अळ्या झाडावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर हलवायच्या, आणि पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून राखण करायची. हिरवीगार अळी चार वेळा कात टाकते आणि मग कोष विणायला बसते. पाला हाताशी यावा म्हणून कोशासाठीचा ऐन छाटून ठेंगणा ठेवावा लागतो. इमारती लाकडासाठी तोच सरळ उंच हवा. एकाच झाडाकडून असं दोन उलट दिशांनी मागणं असतं.

कोष हातात घेऊन पाहावा. कोंबडीच्या अंड्याहून लहान, पण कवच नखानं दबत नाही. वरच्या टोकाला अळीनंच घडवलेला देठ, आणि देठाच्या शेवटी फांदीला घट्ट आवळलेली कडी. वारा कितीही सुटला तरी कोष गळून पडू नये, याची ही व्यवस्था.

कवच मऊ करायला कोष सोडा घातलेल्या पाण्यात उकळतात आणि मग धागा ओढतात. देशातल्या कित्येक टसर गावांत बायका उघड्या मांडीवर घासून हा धागा वळत आल्या आहेत. त्यानं कातडी सोलवटते. हे थांबावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळानं ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं. कोशाच्या मऊपणाबद्दल बोलताना या मांड्यांची आठवण ठेवलीच पाहिजे.

चीनमध्ये याच कुळातली अळी ओकच्या पानांवर वाढते; टसरमध्ये चीन पहिला आणि भारत दुसरा. आपल्या टसरचा तांबूस-मधाळ रंग मात्र मुळातलाच, रंगाच्या कढईतला नव्हे. पूजेच्या सोवळ्याला आणि लग्नाच्या बस्त्यात कोशाला इकडे मान आहे तो या नैसर्गिकपणामुळेही.

भंडारा जिल्ह्याची खास ओळख म्हणजे करवतकाठी साडी. हिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंगात टसर, काठात सूत, आणि दोन्हींच्या सांध्यावर करवतीसारखे दाते. हे दाते नंतर भरलेले नसतात, मागावरच घडतात. विणकर तीन धोटे चालवतो: दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. काठाचा धागा सांध्यापाशी येतो, अंगाच्या धाग्याला अडकतो आणि मागे फिरतो. पुढच्या ओळीत तो थोडा आत शिरतो, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी थोडा, मग पुन्हा माघार. एक दाता पुरा होतो. एक अडकवण चुकली तर काठ आणि अंग यांच्यात फट पडते, आणि तेवढं विणलेलं उसवावं लागतं. म्हणून सांध्याजवळ धोटा आला की विणकराचा हात मंदावतो.