गर्दी टाळायची कशी? व्हेनिसपासून टिपेश्वरपर्यंत

(एपिसोडचं लिखित रूप)

घाटंजीवरून बोलतोय. आजचा विषय फिरण्याचा आहे, पण 'टॉप टेन ठिकाणं' वगैरे नाही. आज बघू, गर्दी नेमकी होते कशी आणि ट्रिप ठरवताना ती टाळायची कशी.

सुरुवात युरोपपासून. इटलीतल्या व्हेनिस शहरानं 25 एप्रिल 2024 पासून एक तिकीट लावलं. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या पर्यटकानं, गर्दीच्या ठरावीक दिवशी, शहरात यायचे 5 युरो द्यायचे. 2024 मध्ये असे 29 दिवस होते, 2025 मध्ये 54 झाले. ऐनवेळी बुकिंग करणाऱ्याला तर 10 युरो. पण शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला हे तिकीट माफ! म्हणजे प्रश्न फक्त माणसं किती याचा नाही. सगळे एकाच दिवशी, एकाच वेळी, त्याच चार गल्ल्यांत येतात, याचा आहे.

कोडिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. याला आम्ही 'थंडरिंग हर्ड' म्हणतो. एका गोष्टीची वाट बघत शंभर प्रोसेस झोपलेल्या असतात. ती गोष्ट झाली की सगळ्या एकदम उठतात आणि सर्व्हरवर तुटून पडतात. काम एकीचंच होतं, बाकीच्यांची नुसती धक्काबुक्की.

आता आपल्या घरी येऊ. टिपेश्वर अभयारण्य घाटंजी आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात आहे. सागाचं जंगल, चितळ, सांबर, रोही, अस्वल आणि वाघ. क्षेत्रफळ फक्त 148 चौरस किलोमीटरच्या आसपास. ताडोबाचा व्याघ्र प्रकल्प बफर धरून 1,700 चौरस किलोमीटरच्या वर जातो. टिपेश्वर वाघांनाही किती अपुरं पडतं बघा: इथला एक तरुण वाघ जून 2019 मध्ये निघाला आणि 1,300 किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हे कळलं.

'ताडोबात गर्दी आहे, मग टिपेश्वरला चला' असं आता बरेच जण सांगतात. सल्ला चांगला आहे. पण सगळ्यांनी तो एकाच रविवारी ऐकला तर? मग गर्दी कमी झाली नाही, फक्त छोट्या सर्व्हरवर गेली.

जंगलात 'थंडरिंग हर्ड' कसा दिसतो, ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगाव भागात एफ-2 वाघीण पाच बछड्यांसोबत निघाली होती आणि सफारीच्या गाड्यांनी तिची वाट दोन्हीकडून अडवली. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले. म्हणजे रोजगार गेला तो जवळच्या गावांतल्या पोरांचा. 'भाऊ, थोडी पुढे घ्या ना' म्हणणारे पर्यटक मात्र आपापल्या घरी गेले.

म्हणून ट्रिप ठरवताना ठिकाणाआधी वेळ ठरवा. चार गोष्टी सांगतो.

एक, तारीख. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि 31 डिसेंबर सोडा. दिवाळीनंतर ते नाताळच्या आधीपर्यंतचा मधला आठवडा घ्या, मंगळवार-बुधवार वगैरे. फक्त साप्ताहिक सुट्टी आधी तपासा. ताडोबा मंगळवारी बंद असतं.

दोन, किंमत समजून घ्या. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसायचा चान्स जास्त, म्हणून आपल्याकडच्या उन्हातही लोक येतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला गवत उंच असतं, वाघ सहज दिसत नाही. गर्दी नको असेल तर हा सौदा मान्य करावा लागतो.

तीन, मुक्काम. पहाटे नागपूरवरून पळत येऊन एक सफारी केली की 'पैसे वसूल' व्हायचं टेन्शन येतं. एक रात्र राहा, दोन सफारी घ्या. घाई गेली की जंगल दिसायला लागते.

चार, गाडीत बसताच गाइडला सांगा, 'वाघ नाही दिसला तरी चालेल.' या एका वाक्यानं त्याच्यावरचा दबाव उतरतो. मग तो कॉलच्या मागे धावत नाही, पक्षी दाखवतो, पगमार्क दाखवतो. मोबाइल खिशात ठेवा. ताडोबाच्या कोअरमध्ये तर 2018 पासून मोबाइलला बंदीच आहे.

हेच गणित युरोपला लावा. तिकडे खरी झुंबड जुलै-ऑगस्टमध्ये, आणि इटलीत 15 ऑगस्टच्या आसपास तर सगळा देशच सुट्टीवर. आपल्याकडचे लोक शाळेच्या सुट्टीमुळे मे महिना धरतात. तुमच्या घरी शाळेत जाणारं कोणी नसेल, तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे तारीख निवडायला वेळ मिळतो. दहा दिवसांत सात शहरं करण्यापेक्षा दोन शहरांत राहा. फेमस चौकात सकाळी सातला जा, दुपारी नको.

आणि शेवटचं. शांत जागा सापडली की लगेच 'हिडन जेम' म्हणून रील टाकायचा मोह होतो. टाका, पण लोकेशन आणि 'आत्ता वाघ इथं आहे' हे नका टाकू. पुढच्याला जागा सांगायचीच असेल, तर सोबत मंगळवार-बुधवारही सांगा.

तुमच्या गावाजवळची कुठली जागा कोणत्या महिन्यात निवांत असते, ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!