चुकांची सरकारी यादी

लंडन : ब्रिटनमधल्या कुठल्याही कौन्सिलची, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची, वेबसाइट उघडून थेट तळाशी जावे. कुकीज आणि गोपनीयतेच्या लिंकशेजारी तिथे 'सुगम्यता निवेदन' सापडते. त्यात कौन्सिल आपल्याच उणिवा मांडते : अमुक पीडीएफ दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, तमुक फॉर्म नुसत्या कीबोर्डने भरता येत नाही. दुरुस्ती कधी होणार, तक्रार कुणाकडे करायची आणि तिथे दाद लागली नाही तर पुढे कुठे जायचे, हेही लिहिलेले असते.

सरकारी कार्यालय हे हौसेने लिहीत नाही. कायदा लिहायला लावतो. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशावरून केलेले हे नियम २३ सप्टेंबर २०१८ ला लागू झाले आणि ब्रेक्झिटनंतरही टिकले. नव्या वेबसाइटना वर्षभराची, जुन्यांना दोन वर्षांची मुदत होती. मोबाइल अ‍ॅपना जून २०२१ पर्यंत.

खरी मेख जबाबदारीत आहे. पार्किंग परवान्याचे पान बाहेरच्या कंपनीचे असले तरी उत्तर कौन्सिलनेच द्यायचे. त्यामुळे हा विषय संगणक विभागाच्या खोलीतून उठून निविदा काढणाऱ्यांच्या टेबलावर आला. विकत घेतानाच अट घातली नाही, तर पुढे दुरुस्तीसाठी कंपनीच्या मिनतवाऱ्या करणे आले. शिवाय पीडीएफ चढवणारे हात प्रत्येक खात्यात असतात. एकट्या तंत्रज्ञाने किती पुरे पडावे?

ब्रिटिश सरकारच्या गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस अर्थात जीडीएसने तयार केलेले वेबसाइटचे सुटे भाग इथे कामी येतात. जन्मतारखेचेच पाहा. सरकारी फॉर्मवर दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी असतात, आकडे टाइप करायचे. वर्षांची लांबलचक यादी उलगडून १९४८ पर्यंत घसरत जायचे, हा व्याप नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांना ते सोयीचे, आणि घाईतल्या तरुणालाही. कीबोर्डने पुढे सरकताना आपण कुठल्या लिंकवर आहोत, ते ठळक पिवळ्या रंगात दिसते. हे भाग कुणालाही फुकट वापरता येतात.

नियमांचे दात मात्र फारसे तीक्ष्ण नाहीत. जीडीएस नमुन्यादाखल वेबसाइट तपासते, दोष कळवते आणि साधारण १२ आठवड्यांची मुदत देते. प्रत्यक्ष कारवाई समानता आयोगाच्या हाती. बीबीसीसारख्या सार्वजनिक प्रसारकांना तर हे नियम लागूच नाहीत. 'खर्च झेपत नाही' अशी पळवाट कायद्यातच आहे, पण तिच्यासाठी लेखी हिशेब मांडावा लागतो; वेळ मिळाला नाही, माहिती नव्हती, ही कारणे चालत नाहीत. सप्टेंबर २०१८ पूर्वीच्या पीडीएफनाही सूट आहे, त्यामुळे बैठकांची जुनी इतिवृत्ते तशीच पडून राहू शकतात. तोच कागद एखादी सेवा मिळवायला आजही लागत असेल, तर मात्र ही सूट संपते.