पहिले इंजिन बांधताना

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागे टाकले की भांडगाव लागते. दौंड तालुक्याचा हा पट्टा उसाचा, गुऱ्हाळांचा आणि रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्यांचा. इथले जगणे इंजिनावर चालते, पण ते आतून पाहिलेली माणसे गॅरेजबाहेर फार थोडी. ज्याने कधी पाना धरला नाही, त्याला गाडीचे इंजिन खोलून पुन्हा बांधता येईल का? येईल, असे मी ठामपणे म्हणतो. या उत्तराचा आधार भीमा नदीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे.

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुले ‘ढ’ नसतात; त्यांना हातांनी शिकू द्यावे, म्हणजे त्यांची बुद्धी दिसते, हा त्यांचा विश्वास होता. तिथल्या निवासी पदविकेत मुले वेल्डिंग, वायरिंग, शेती असे सगळे प्रत्यक्ष करून शिकतात आणि गावाची कामेही करून देतात. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ हा कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टर इथेच घडला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, आली. डिझेल इंजिनाचे टायमिंग मोजणे हा तिच्या सुरुवातीच्या विषयांपैकी एक होता. मोजल्याशिवाय इंजिनाचे काही कळत नाही, हे पाबळने ओळखले होते.

मग पहिले इंजिन कोणते घ्यावे? नवशिक्यासाठी जुन्या, कार्बुरेटरवाल्या मारुती ८०० चे इंजिन उत्तम. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक ७२ मिमी. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तिचे काम जाणणारे मिस्त्री आजही गावोगावी भेटतात.

काम पान्याने नव्हे, तपासणीने सुरू होते. गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम टाकते, तेव्हा प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायचे. ते कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचा बोअर झिजला. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहायचे. इंजिन खोलण्याआधीच निम्मे निदान हातात येते.

खोलताना घाई नको. प्रत्येक भागाला खूण करायची, नटबोल्ट वेगळ्या डब्यांत ठेवायचे, फोटो काढायचे. कनेक्टिंग रॉडची कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच दिशेने परत बसली पाहिजे, कारण कारखान्यात दोन्ही एकत्र बसवूनच त्यांचे भोक घासलेले असते.

खरा धडा बोअरमध्ये आहे. ३,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथे उष्णता सर्वाधिक आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. म्हणून सिलिंडर वर जास्त झिजतो, खाली कमी. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, बोअर गेजला दिसते. ती मर्यादेबाहेर असेल तर ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन रिबोअरिंग करायचे आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी ठेवावी लागते. क्रँकच्या जर्नलचेही तसेच. जर्नल मायक्रोमीटरने मोजूनच बेअरिंग निवडायचे.

बांधणीत स्वच्छता हाच अर्धा गुण. धुळीचा एक कण नव्या बेअरिंगवर चरा पाडतो. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर जळता वायू थेट खाली उतरतो. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायचे. टायमिंग बेल्ट खुणेवर बसवायचा, टॅपेटची फट फिलर गेजने लावायची. मग प्लग काढून, इग्निशन तोडून स्टार्टर मारायचा आणि ऑइलचा दिवा विझला की मगच इंजिन चालू करायचे.

या सगळ्यात गणित आहे, भौतिकशास्त्र आहे आणि धीर आहे. शाळेत घर्षणाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला झिजलेली रिंग हातात मिळाली, तर तो ती व्याख्या जन्मभर विसरणार नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तिथपर्यंत मोजकीच मुले पोहोचतात, मुली तर त्याहून कमी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख सांगितली आहे. पाबळने ते कितीतरी आधी करून दाखवले.

म्हणून भांडगावपासून दौंडपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना आणि शाळांना माझी विनंती आहे. भंगारात जाणारे एक इंजिन शाळेला द्या. शाळेने त्यासाठी एक टेबल, पान्यांचा एक सेट आणि एक मायक्रोमीटर घ्यावा. गावातल्या अनुभवी मिस्त्रीला मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावे. मुलामुलींना ते इंजिन खोलू द्या, मोजू द्या, पुन्हा बांधू द्या.