मुलाचा पहिला कॅमेरा

मुलाच्या सहाव्या-सातव्या वाढदिवशीं त्याच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांत दरवर्षीं निघतो. आणि अलीकडे त्याचें एक उत्तर हमखास सुचविलें जातें, तें म्हणजे डिजिटल कॅमेरा. मुलाला तो हवाच असतो. घरांतील वडील मंडळी ऊठसूट मोबाइल वर करून फोटो काढीत असतात, आणि मूल मात्र सदा फोटोंत उभें राहणारें. ‘आतां हंस बघूं’ ही आज्ञा पाळण्यापलीकडे त्या व्यवहारांत त्याला कांहीं काम नसतें. तेव्हां एकदां तरी काढणाराच्या बाजूला उभें राहावें, ही त्याची इच्छा अगदीं न्याय्य आहे. खरी अडचण पुढेंच सुरू होते. वडील दुकानांत जातात किंवा घरबसल्या मागवितात, आणि समोर रंगीबेरंगी कॅमेऱ्यांची रांग उभी राहते. कोणाला सशाचे कान, कोणाला मांजराच्या मिशा, आणि प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत एक आंकडा: २० मेगापिक्सेल, ४० मेगापिक्सेल. आंकडा मोठा तो कॅमेरा चांगला, अशा समजुतीनें खरेदी होते. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच तो कॅमेरा खेळण्यांच्या टोपलीच्या तळाशीं जातो.

यांत पैसे वायां जातात हें तर झालेंच. पण त्याहून मोठें नुकसान निराळें आहे. मुलानें दिवेलागणीच्या वेळीं देवापुढें बसलेल्या आजीचा फोटो काढलेला असतो, आणि पडद्यावर उमटतो एक करडा डाग. दोष यंत्राचा असतो, पण सहा वर्षांच्या मुलाला तें कसें कळावें? ‘मला फोटो काढतां येत नाहींत,’ एवढेंच तें मनाशीं धरून बसतें. लिहावयास शिकणाऱ्या मुलाच्या हातीं न उठणारी पेन्सिल कोणी देत नाहीं. कॅमेऱ्याच्या बाबतींत मात्र तसें सर्रास घडतें, आणि तेंही हौसेनें, पैसे मोजून.

मुलांसाठीं कॅमेरा ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं आपला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, तेव्हां त्याची किंमत २५ डॉलर होती आणि १०० फोटो झाले कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवावा लागे. तें मोठ्यांचें, आणि तेंही सुस्थित माणसांचें, प्रकरण होतें. १९०० सालीं त्याच कंपनीनें ‘ब्राउनी’ नांवाचा कॅमेरा काढला. एक डॉलर किंमत, पुठ्ठ्याची पेटी, एकच भिंग, सहा फोटोंची फिल्म १५ सेंटांना. पामर कॉक्स याच्या चित्रकथांतील खोडकर बुटक्यांचें नांव त्याला मुद्दाम दिलेलें होतें, कारण गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढें मुलेंच होतीं. ब्राउनींत फिरवावयास चक्रें नव्हतीं, जुळवावयास आंकडे नव्हते. उन्हांत उभें राहावें, पेटी पोटाशीं धरावी, खटका दाबावा. पुढें हिंदुस्थानांत ‘आग्फा क्लिक ३’ या कॅमेऱ्यानें कित्येक कुटुंबांत हेंच काम केलें. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो, आणि तेरावा काढावयाचा तर नवी फिल्म. या साध्या पेट्यांत एक गुण होता, तो आजच्या सशाच्या कानांच्या कॅमेऱ्यांत बहुधा सांपडत नाहीं. खटका दाबला कीं त्याच क्षणीं फोटो निघे, आणि भरपूर उजेड असेल तर तो ओळखूं येण्याजोगा निघे. मुलाच्या पहिल्या कॅमेऱ्याकडून याहून अधिक कांहीं नको. पण याहून कमीही चालणार नाहीं.

आतां त्या खोक्यावरील आंकड्याकडे वळावें. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर नांवाची एक लहानशी चकती असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे सूक्ष्म बिंदू ओळींनीं मांडलेले असतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर किती उजेड पडला तें मोजतो, आणि त्या मापांवरून चित्र बनतें. दहा लक्ष बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां त्यांत अवघे १०,००० बिंदू होते. यंत्राचें वजन सुमारें ३॥ किलो, आणि एक काळेंपांढरें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. तेथून आजवरची मजल खरोखर थक्क करणारी आहे. परंतु बिंदू किती लागतात, याचा हिशेब अगदीं घरगुती आहे. चार इंच बाय सहा इंच आकाराचा, आल्बमांत लावतात तसा फोटो छापावयाचा, आणि दर इंचाला ३०० बिंदू धरावयाचे, तर १,२०० गुणिलें १,८०० म्हणजे २१ लक्ष ६० हजार बिंदू पुरतात. दोन मेगापिक्सेलपेक्षां थोडे अधिक, इतकेंच. मग ४० कशाला?

कारण पुष्कळदां ते ४० नसतातच. मुलांच्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सरवरील खरे बिंदू एकदोन मेगापिक्सेलच असतात, कित्येकदां तितकेही नसतात. कॅमेऱ्यांतील गणकयंत्र शेजारशेजारच्या दोन बिंदूंच्या मध्यें अंदाजानें नवे बिंदू भरतें आणि चित्राचा आकार फुगवितें. पाणी ओतून ताकाचा तांब्या भरला म्हणून घरांतलें ताक वाढत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. भिंगानें जें टिपलें नाहीं तें मागाहून कोठून येणार? ‘डिजिटल झूम’ म्हणून जी करामत सांगतात तीही याच जातीची. मधला तुकडा कापून तो मोठा करून दाखवावयाचा. भिंगें पुढेंमागें सरकून जो झूम होतो, ज्याला ऑप्टिकल झूम म्हणतात, तेवढाच खरा. खोक्यावर छापलेलें फुलपाखराचें सुरेख चित्रही त्याच कॅमेऱ्यानें काढलेलें असेल, अशी खात्री कोणी बाळगूं नये.

आंकड्यापेक्षां सेन्सरचें क्षेत्रफळ महत्त्वाचें. साध्या खिशांतल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें ६ मिलिमीटर लांब आणि ४॥ मिलिमीटर रुंद असतो. खेळण्यांतला बहुधा त्याहून पुष्कळच लहान. पावसांत परात ठेवावी आणि वाटी ठेवावी, त्यांत जमणाऱ्या पाण्यांत जो फरक, तोच येथें उजेडाच्या बाबतींत पडतो. दुपारीं अंगणांत दोन्ही कॅमेरे ठीक चालतात. संध्याकाळीं घरांत, एका दिव्याच्या उजेडांत, लहान सेन्सरला पुरेसा प्रकाश मिळविण्यासाठीं अधिक वेळ उघडें राहावें लागतें. तेवढ्यांत मुलाचा हात हलतो, आजीची मान हलते, आणि तो करडा डाग तयार होतो. शिवाय या कॅमेऱ्यांतील भिंग एका ठराविक अंतरालाच बसविलेलें असतें. हातभर अंतराच्या आंतील वस्तु त्यांत धूसर येते. आणि मुलांना तर मुंगी, गोगलगाय, आपल्याच पायाचा अंगठा असल्या वस्तूंचे फोटो नाकाजवळ कॅमेरा नेऊन काढावयाचे असतात.

तेव्हां दुकानांत खोकें वाचीत बसण्यापेक्षां कॅमेरा सुरू करून पाहावा. दुकानदाराला हात हलवावयास सांगावें आणि खटका दाबावा. हात वर असतांना दाबलेल्या खटक्याचा फोटो हात खालीं आल्यावर निघत असेल, तर तो कॅमेरा तेथेंच ठेवावा. धांवणारें मांजर, झोक्यावरची बहीण, यांतलें कांहींच त्याला सांपडावयाचें नाहीं. मग दुकानाच्या आंतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यांत एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहावा, आणि एक अगदीं जवळून. घरबसल्या मागविला असेल तर परतीची मुदत संपण्यापूर्वीं याच परीक्षा घरीं घ्याव्या. वाढदिवसाच्या आदल्या रात्रीं खोकें उघडून उपयोग नाहीं.

हाताचा विचार याच्याइतकाच महत्त्वाचा. पांच वर्षांखालील मूल वस्तु दोन्ही हातांनीं मुठींत धरतें. त्याला एक डोळा मिटून दुसऱ्यानें पाहणें साधत नाहीं, म्हणून मागें पडदा हवा. खटका उजव्या तर्जनीखालीं सहज यावा. दोरी मनगटाची असावी. गळ्यांतली दोरी खेळतांना अडकते आणि लहान मुलाच्या गळ्याला फांस बसण्याचा धोका असतो. बॅटरीच्या झांकणाला स्क्रू असला पाहिजे. बटणाच्या आकाराची चपटी बॅटरी ज्यांत असेल अशी कोणतीही वस्तु लहान मुलाच्या हातीं देऊं नये; ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊं शकते, आणि तशी शंका आली तरी लगेच रुग्णालय गांठावें लागतें. नखाएवढें मेमरी कार्डही धाकट्या भावंडाच्या तोंडांत जाणार नाहीं, हें पाहावें.

खेळ भरलेले कॅमेरे टाळणें बरें. पडद्यावर उड्या मारणारा ससा असला कीं खिडकींतल्या चिमणीकडे कोण पाहणार? इंटरनेटशीं जोडले जाणारेही नकोत. २०१५ सालीं मुलांची विद्युत्-खेळणीं विकणाऱ्या एका जगप्रसिद्ध कंपनीच्या साठ्यांतून लक्षावधि मुलांची माहिती चोरीस गेली होती, हें पालकांनीं विसरूं नये. मुलाचे फोटो तारेनें घरच्या संगणकावर उतरविले म्हणजे झालें. लगेच कागदावर छापून देणाऱ्या कॅमेऱ्यांचें मुलांना फार कौतुक वाटतें, आणि तें समजण्यासारखेंही आहे. पण त्यांतील स्वस्त प्रकार दुकानांतील पावत्यांच्याच उष्णतेनें काळवंडणाऱ्या कागदावर छापतात. पावती जशी कालांतरानें पुसट होते, तसा तो फोटोही होतो.

मग घ्यावें काय? सहा-सात वर्षांपुढील मुलासाठीं उत्तम कॅमेरा कित्येक घरांत आधींच असतो; कपाटाच्या खणांत, मोबाइल आल्यापासून कोणीं हात न लावलेला. २००६ ते २०१२ च्या सुमारास घेतलेला ८-१० मेगापिक्सेलचा चपटा कॅमेरा आजच्या नव्या कोऱ्या खेळण्यापेक्षां बहुतेक प्रसंगीं सरस फोटो देतो. त्याचा सेन्सर मोठा, झूम खरा, आणि जवळच्या वस्तूंसाठीं फुलाच्या खुणेचें बटण निराळें. मात्र तो बाहेर काढतांना कांहीं गोष्टी तपासाव्या. बॅटरी फुगलेली असल्यास ती वापरूं नये, दुसरी आणावी. कांहीं जुन्या कॅमेऱ्यांना आजचीं कार्डें चालत नाहींत: ऑलिंपस आणि फुजी यांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना ‘एक्सडी’ कार्ड लागे, सोनीला ‘मेमरी स्टिक’, आणि नेहमींचें एसडी कार्ड लागणारे फार जुने कॅमेरे २ गिगाबाइटांहून मोठें कार्ड ओळखत नाहींत. पुढें सरकणारी भिंगाची नळी हें त्यांचें मर्मस्थान. ती ओढूं नये, वाळूंत कॅमेरा उघडूं नये, हें मुलाला एकदां नीट दाखवावें लागतें. कोंकणांत आणि मुंबईंत पावसाळ्यांत भिंगावर बुरशी धरते, म्हणून आषाढ-श्रावणांत तो घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा.

घरांत तसा नसेल तर ओळखीच्या घरांतून मिळवावा. पाण्यांत चालणारे आणि पडले तरी न फुटणारे कॅमेरे हा मधला मार्ग. निकॉननें २०१९ सालीं काढलेला ‘कूलपिक्स डब्ल्यू १५०’ या जातीचा होता. १३.२ मेगापिक्सेल, १० मीटर पाण्याखालीं चालणारा, आणि १.८ मीटरवरून पडण्याची परीक्षा दिलेला. त्याचें भिंग पेटीच्या आंतच हलतें, बाहेर नळी येत नाहीं, आणि मुलांच्या हातांसाठीं हा गुण मोठाच. पांचांखालील मुलाला मात्र साधें खेळणेंच पुरे. तें फोडण्याचाही त्याला हक्क आहे.

कॅमेरा हातीं आल्यावर मुलें कशाचे फोटो काढतात? युरोपांतील पांच देशांतल्या ७, ११ आणि १५ वर्षांच्या १८० मुलांना शनिवार-रविवारसाठीं कॅमेरे देऊन एक पाहणी झाली होती; तिचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सर्वांत लहान मुलांचा कल आपल्या वस्तु, खेळणीं आणि घर यांकडे अधिक दिसला, तर मोठ्यांचा मित्रमंडळींकडे. फ्रान्समधील झाक-आंरी लार्तिग याला सातआठ वर्षांचा असतां वडिलांनीं कॅमेरा दिला. त्यानें बालपणीं काढलेले उड्या मारणाऱ्या भावंडांचे आणि घरच्या गमतींचे फोटो १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयांत मांडले गेले. प्रत्येक मूल लार्तिग होत नाहीं, आणि व्हावें अशी अपेक्षाही नको. पण तीन फूट उंचीवरून दिसणारें घर मोठ्यांनीं कधींच टिपलेलें नसतें: टेबलाची खालची बाजू, भाकरी थापणारे हात, दारामागचा छत्र्यांचा ढीग.

म्हणून फोटो कापलेले, वांकडे, डोकें नसलेले आले तरी ते पुसून टाकण्याची घाई वडिलांनीं करूं नये. महिन्याकांठीं मुलाबरोबर बसून आठदहा फोटो त्यालाच निवडूं द्यावे, आणि ते कागदावर छापून घ्यावे. कॅमेरा देण्यापूर्वीं त्यांतील तारीख मात्र आठवणीनें लावावी. जुन्या कॅमेऱ्यांचें घड्याळ बॅटरी काढली कीं कांहीं दिवसांनीं आपोआप एखाद्या फार मागच्या सालच्या पहिल्या जानेवारीवर जातें, आणि मग आजीचा तो फोटो मुलाच्या जन्माआधींचा ठरतो.