मृतांसाठी नगर : आल्दो रॉस्सी आणि मोदेनाची दफनभूमी

वास्तुकलेच्या इतिहासात मृत्यूशी निगडित इमारतींना मोठे स्थान आहे. तथापि इजिप्तमधील पिरॅमिड असोत, आग्र्याचा ताजमहाल असो किंवा औरंगाबादचा बीबी का मकबरा असो, त्या बहुतांशी राजघराण्यांसाठी उभारल्या गेल्या आणि सामान्य नागरिकांना जिथे अखेरचा निरोप दिला जातो, ती जागा मात्र केवळ नागरी सोयीची बाब मानली गेली. उत्तर इटलीतील मोदेना शहरातील सान कातालदो दफनभूमी हा या समजुतीला छेद देणारा विसाव्या शतकातील महत्त्वाचा प्रकल्प असून, आल्दो रॉस्सी या वास्तुविशारदाचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे.

रॉस्सी यांचा जन्म १९३१ मध्ये मिलान येथे झाला. १९६६ मध्ये त्यांनी ‘शहराची वास्तुकला’ या अर्थाच्या नावाचा इटालियन ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळी इमारतीचे रूप तिच्या उपयोगावरून ठरावे, हा आधुनिकतावादाचा दंडक सर्वत्र मान्य होता. रॉस्सी यांनी त्यावर असा आक्षेप घेतला की, उपयोग काळानुसार बदलतात, पण आकार टिकून राहतात. पादुआ शहरातील मध्ययुगीन न्यायसभागृहाचा वापर शतकानुशतके बदलत गेला, तरी शहराच्या मनात त्याचे स्थान अढळ राहिले. पिढ्यान्‌पिढ्या पुनरावृत्त होणाऱ्या अशा मूळ आराखड्याला ते ‘वास्तुप्रकार’ म्हणत. मधला चौक, भोवतीची ओसरी आणि तिच्यालगतच्या खोल्या हा मराठी वाड्याचा आराखडा त्याचे जवळचे उदाहरण ठरेल. इतिहासाला आणि सामूहिक स्मृतीला रचनेत पुन्हा स्थान देणाऱ्या या विचारामुळे रॉस्सी यांची गणना आधुनिकोत्तर, म्हणजे आधुनिकतावादाच्या एकांगीपणाला प्रत्युत्तर देणाऱ्या, वास्तुविशारदांत होऊ लागली. १९९० मध्ये त्यांना वास्तुकलेतील सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले इटालियन ठरले.

सान कातालदोची रचना समजण्यासाठी इटलीतील अंत्यसंस्कारांची पद्धत लक्षात घ्यावी लागते. नेपोलियनच्या राजवटीत, १८०४ च्या फर्मानाने, गावाबाहेर दफन करणे बंधनकारक झाले आणि पुढे तो नियम इटलीतही लागू झाला, त्यामुळे चर्चच्या आवारातील कबरींची जागा शहराबाहेरील, भिंतींनी वेढलेल्या सार्वजनिक दफनभूमींनी घेतली. तेथे जमिनीत पुरण्याबरोबरच भिंतीतील कोनाड्यात शवपेटी ठेवून तो बंद करण्याची पद्धत आहे. तसेच काही वर्षांनी अस्थी काढून त्या लहान कोनाड्यांच्या इमारतीत, म्हणजे अस्थिगृहात, ठेवल्या जातात. मुंबईतील कॅथलिक समाजातही जागेच्या टंचाईमुळे अस्थींसाठी असे कोनाडे वापरले जातात.

मोदेनामध्ये चेझारे कॉस्ता यांनी आखलेली एकोणिसाव्या शतकातील दफनभूमी अपुरी पडू लागल्याने १९७१ मध्ये नगरपालिकेने तिच्या विस्तारासाठी खुली स्पर्धा जाहीर केली आणि रॉस्सी व त्यांचे सहकारी जान्नी ब्रागिएरी यांचा आराखडा तीत निवडला गेला. त्याच वर्षी युगोस्लाव्हियातून इस्तंबूलकडे जाताना रॉस्सी यांना मोटार अपघात झाला होता. रुग्णालयात पडून असताना त्यांना स्वतःचा देह हा पुन्हा जुळवायच्या हाडांचा संच वाटू लागला आणि त्या अनुभवाचा या आराखड्याशी असलेला संबंध त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवला. बाहेरच्या बाजूने कोनाड्यांच्या लांबच लांब इमारती, मध्यभागी बरगड्यांसारख्या समांतर रांगा आणि त्यांच्या दोन टोकांना एक घन व एक शंकू, अशी ही मांडणी वरून पाहता सांगाड्याची आठवण करून देते.

यांतील घनाकृती अस्थिगृह सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तांबूस रंगाच्या या इमारतीला सारख्या अंतराने चौकोनी खिडक्या आहेत, पण त्यांना काचा नाहीत. वर छप्पर नाही आणि आत मजलेही नाहीत, केवळ कोनाड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी लोखंडी जिने व सज्जे आहेत. घराची सगळी चिन्हे ठेवून राहण्याची सोय तेवढी काढून घेतल्यामुळे ही वास्तू मृतांचे घर ठरते, आणि शोकाची भावना शिल्पांनी वा अलंकरणाने सुचवण्याची गरज उरत नाही. शंकूखाली बेवारस व विस्मृत मृतांची सामाईक कबर नियोजित होती, म्हणजे ज्यांचे नाव घेणारे कोणी नाही त्यांनाच सर्वांत ठळक स्मारक मिळणार होते. परंतु तो शंकू आणि मधल्या बरगड्या आजवर बांधल्या गेलेल्या नाहीत.

या रचनेवर टीकाही झाली. काहींना तिच्यात फॅसिस्ट काळातील भव्य पण निर्जीव इमारतींची छाया दिसली, तर काहींना तिचा कोरडेपणा शोकाकुल माणसाला दिलासा देणारा वाटला नाही. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. मात्र दफनभूमीला रस्ते, घरे आणि स्मारके असलेल्या शहराचा दर्जा देऊन तिला नागरी जीवनाचा भाग बनवण्याचे श्रेय रॉस्सी यांना द्यावेच लागते.

नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा आराखडा जसाच्या तसा उपयोगाचा नाही, कारण दहनानंतर अस्थी रामकुंडात किंवा अन्य तीर्थस्थानी विसर्जित करणाऱ्या समाजाला अस्थिगृहाची गरज नसते. तरीही रॉस्सी यांची विचारपद्धती येथे लागू पडते, कारण तिरडी क्षणभर टेकवण्याचा विसावा, दहनाचा चौथरा, मंडळींना बसण्यासाठी झाडाखालचा पार, पाण्याची जागा आणि दशक्रियेच्या दिवशी काकस्पर्शाची वाट पाहण्याचा घाट, हे आपल्याकडील अंत्यविधींचे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेले घटक आहेत आणि त्यांच्या क्रमातूनच स्मशानभूमीची रचना घडू शकते. असे असताना गावोगावी पत्र्याची शेड आणि सिमेंटचा चौथरा एवढ्यावरच काम संपवले जाते. स्मशानभूमीसाठी निधी मंजूर करताना स्थानिक नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी शाळा किंवा वाचनालयाप्रमाणे तिचाही आराखडा वास्तुविशारदांकडून मागवावा. मोदेनाच्या नगरपालिकेनेही १९७१ मध्ये सुरुवात याच पावलाने केली होती.