टेम्प्लेट टॅगला कसं कळणार, लॉगिन कोणी केलंय?

सर्वेक्षणावर आधारित संशोधन करणार असाल, तर आज ना उद्या एक छोटी वेबसाइट तुम्हाला स्वतःच बांधावी लागेल. माझं फील्डवर्क सावर्डे आणि आसपासच्या वाड्यांमधलं. सर्वेक्षक घरोघरी जाऊन मोबाईलवर माहिती भरतात, वेबसाइट जँगोमध्ये केलेली आहे. (उच्चार जँगोच, सुरुवातीचा 'डी' मुका. गिटारवादक जँगो राइनहार्टवरून हे नाव आलं.)

प्रत्येक पानावर कडेला एक चौकट हवी होती: 'तुमची बाकी घरं'. दर व्ह्यूमध्ये तोच कोड कशाला, म्हणून स्वतःचा टेम्प्लेट टॅग लिहिला. पण 'तुमची' म्हणजे कोणाची? टॅग हे साधं पायथन फंक्शन. रिक्वेस्ट त्याच्या हातात आपोआप येत नाही.

मी आधी काय घोळ केला ते ऐका. मिडलवेअरमध्ये दर रिक्वेस्टला युजर एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि टॅगने तो तिथून उचलला. लॅपटॉपवर एकटीने तपासलं, झकास चाललं. मग एका संध्याकाळी सगळे सर्वेक्षक एकदमच नोंदी चढवायला बसले आणि एकीला दुसऱ्याच्या वाडीतल्या कुटुंबांची नावं दिसली. सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवत होता, ग्लोबल व्हेरिएबल मात्र सगळ्यांत एकच. संमतीपत्रावर 'माहिती गोपनीय राहील' असं मीच लिहून दिलं होतं. त्यामुळे ही नुसती कोडमधली चूक राहिली नाही, मार्गदर्शकांना आणि त्या घरांना जाऊन सांगावं लागलं.

सरळ रस्ता असा आहे. टॅग रजिस्टर करताना सिंपल-टॅगला 'टेक्स_कॉन्टेक्स्ट' ट्रू द्या. फंक्शनच्या पहिल्या आर्ग्युमेंटचं नाव 'कॉन्टेक्स्ट'च ठेवा (कोडात अर्थातच रोमन लिपीत), दुसरं नाव जँगो चालवून घेत नाही. मग कॉन्टेक्स्टमधून 'रिक्वेस्ट' काढा आणि रिक्वेस्टमधून 'युजर'. झालं!

तरीही 'रिक्वेस्ट' सापडत नसेल, तर सेटिंग्जमध्ये टेम्प्लेटच्या कॉन्टेक्स्ट प्रोसेसरांच्या यादीत रिक्वेस्टचा प्रोसेसर आहे का ते बघा. तोही असेल, तर बहुतेक तुम्ही 'रेंडर_टू_स्ट्रिंग' वापरताना रिक्वेस्ट द्यायला विसरलात. रिक्वेस्टच नाही तर हे प्रोसेसर चालणार कशावर? रात्री आपोआप जाणाऱ्या ईमेलमध्ये तर रिक्वेस्ट नसतेच, तिथे युजर स्वतःच कॉन्टेक्स्टमध्ये घाला.

इन्क्लूजन-टॅगची गंमत वेगळी. फंक्शनला कॉन्टेक्स्ट मिळतो, पण आतल्या टेम्प्लेटला तुम्ही परत केलेली डिक्शनरीच मिळते (सीएसआरएफ टोकन तेवढं जँगो स्वतः पोचवतो). तिथे युजर हवा असेल तर डिक्शनरीत घालूनच पाठवा. फिल्टरला तर कॉन्टेक्स्ट मिळतच नाही, आर्ग्युमेंट म्हणून युजर द्यावा लागतो.

लॉगिन न केलेल्यांसाठीही 'युजर' असतोच, अॅनॉनिमस-युजर नावाचा. म्हणून आधी 'इज_ऑथेंटिकेटेड' तपासा, नाहीतर डेटाबेसला विचारताना एरर येईल. आणि ती चौकट टेम्प्लेटमध्ये कॅश केली असेल, तर कॅशच्या किल्लीत युजरचा आयडी घाला. नाहीतर ग्लोबल काढूनही एकाची घरं दुसऱ्याला दिसतील.

आता तपासायचं कसं? एकापाठोपाठ दोन लॉगिन करून माझी चूक सापडलीच नसती, कारण दर रिक्वेस्टला ग्लोबल नव्याने भरला जात होता. त्यासाठी दोन थ्रेडमधून, दोन युजरांच्या नावाने, एकाच वेळी शंभरेक रिक्वेस्ट पाठवा. परक्या वाडीचं एक नाव जरी आलं, तरी सर्वेक्षकांना लॉगिन देऊ नका.