सायकलवारीत फोन बंद पडू नये म्हणून



कार्तिकीच्या सायकलवारीचा विषय परवा गटाच्या बैठकीत निघाला. मला वाटलं, पंक्चरचं कोण बघणार, मुक्काम कुठे करायचा, असं काहीतरी विचारतील. पण पहिला प्रश्न आला, "ताई, यंदा फोन बंद पडणार नाही ना?" तो का आला, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहाजणी फलटणहून सायकलने पंढरपूरला निघालो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असा पालखीचाच रस्ता धरला. वाटेत एक मुक्काम. माझ्या पिशवीत पॉवर बँक होती, तिच्यावर २०००० असा आकडा छापलेला. त्या आकड्याच्या भरवशावर सगळ्यांनी फोटो काढले, नकाशा लावून ठेवला, घरी व्हिडिओ कॉल केले. दुपारी तीनला एकीचा फोन बंद पडला. पॉवर बँक जोडली, तर दहा मिनिटांत तीही संपली. नेमका त्याच दुपारी तिच्या मुलाला ताप भरला. घरच्यांकडे आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता. रात्री मुक्कामी फोन सुरू झाला तेव्हा घरी नुसता गोंधळ. मूल दोन दिवसांत बरं झालं, पण पुढच्या वर्षी तिला कुणी पाठवलं नाही. चूक माझी होती. मी आकडा वाचला, पण तो समजून घेतला नव्हता.

तर आज तो आकडा समजून घेऊ.

पॉवर बँकेवर १०००० एमएएच लिहिलेलं असतं. हे माप आतल्या बॅटरीचं, ३.७ व्होल्टला मोजलेलं. फोनला वीज देताना ती ५ व्होल्ट करून द्यावी लागते आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. गहू पाखडले की वजनात तूट येते, तसंच हे. म्हणून प्रत्यक्ष हाती येतात साधारण ६००० एमएएच. चांगल्या पॉवर बँकेवर हा खरा आकडा 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरात छापलेला असतो. विकत घेताना तोच वाचायचा. आजकालच्या बऱ्याच फोनची बॅटरी ५००० एमएएचची असते. म्हणजे १०००० ची पॉवर बँक असा फोन सव्वा ते दीड वेळा भरते, दोन वेळा नाही.

घेताना आणखी एक बघा. बीआयएसची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पॉवर बँकेवर हवा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी आहे का ते कळतं. मुठीत मावणाऱ्या डबीवर ५०००० लिहिलेलं दिसलं, तर ती घेऊ नका. माझ्या त्या पॉवर बँकेवर नोंदणी क्रमांक नव्हताच.

आता वाटेत वीज भरायची कुठून?

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मुक्कामाचं ठिकाण. १०००० ची पॉवर बँक साध्या १० वॅटच्या चार्जरवर साडेचार-पाच तासांत भरते, म्हणजे रात्र पुरते. पण धर्मशाळेत बटणाची पाटी एक आणि फोन पन्नास, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून एक्स्टेंशन बोर्ड सोबत न्या. आपली सोय होते आणि शेजारणीचीही.

दुसरा मार्ग सोलर पॅनलचा. १० वॅटची घडीची पॅनल कॅरिअरवर बांधली, तर कडक उन्हात पाच-सहा वॅट मिळतात. ढग आले, पाठीची सावली पडली, की त्याहून कमी. आख्खा दिवस ऊन मिळालं तर एक पॉवर बँक भरत येते. पॅनल उन्हात ठेवा, पॉवर बँक मात्र पिशवीत सावलीला. ज्या पॉवर बँकेच्या पाठीवरच छोटी काच असते, तिच्यावर विसंबू नका. तेवढ्या काचेवर ती भरायला कित्येक दिवस लागतात.

तिसरा मार्ग डायनामोचा. "ताई, सायकलच्या डायनामोवर दिवा लागतो, मग फोन का नाही?" हेही एकीने विचारलं. साधा डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो आणि त्याची वीज वेगाप्रमाणे कमीजास्त होते. ती सरळ फोनला जोडली तर फोन बिघडेल. मध्ये वीज सारखी करणारं सर्किट लागतं. ते बसवलं तरी दहा किलोमीटर चालवून फोन जेमतेम आठ-दहा टक्के भरतो.

म्हणजे जमा थोडी, तेव्हा खर्च आवरायचा. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा पट्ट्यात विमानाचं चिन्ह दाबून ठेवा. स्क्रीनचा उजेड कमी करा, काम नसताना लोकेशन आणि डेटा बंद. चालत्या सायकलवर चार्जिंग नको. हादऱ्यांनी फोनची खाच ढिली होते. चहाला थांबलात की लावा. खाच ओली असेल तर आधी पूर्ण वाळू द्या.

पॉवर बँक फुगलेली दिसली तर ती तिथेच वापरायची बंद करा. टोचू नका, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. रात्री उशीखाली किंवा गोधडीत ठेवून चार्ज करू नका.

यंदा आम्ही असं ठरवलंय. सहा फोनपैकी दोनच चालू राहतील, बाकीचे बंद. त्या दोन्ही फोनचे नंबर सहाही घरी भिंतीवर लिहून ठेवायचे. सकाळी निघताना, दुपारी जेवताना आणि मुक्कामी पोचल्यावर, असे तीन वेळा घरी फोन. व्हिडिओ कॉल फक्त मुक्कामी. घरचे नंबर आणि १०८, ११२ हे कागदावर लिहून प्रत्येकीच्या पिशवीत. दोन भरलेले फोन आणि एक भरलेली पॉवर बँक एवढ्यावर, मुक्कामी लाईट गेली तरी, दोन दिवस निघतात.

हा हिशोब घेऊन मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही नंबर मला मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगितले आणि म्हणाल्या, "दुपारचा फोन एकच्या आत कर." यंदा तिचं नाव यादीत आहे.

तुम्हीही निघण्याआधी गटात बसून असा हिशोब मांडा. येते मी, नमस्कार.